गारांच्या वर्षी मोगरा

गारा लिंबाएवढ्या झाल्या होत्या. मी डोक्यावर घमेलं पालथं घालून अंगणात उतरले होते आणि मोगऱ्यावर बाज उभी करत होते. तेवढ्यात भिंतीपलीकडून लोखंडी तवा आला आणि माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

मी ओरडले असेन. शेजारच्या पत्र्यांवर गारांचा एवढा आवाज होता की माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. हातातली बाज सुटली आणि कडेच्या मोगऱ्यावर आडवी झाली. त्याचं खोड बुडाशी चिरलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मग मीही खाली बसले आणि सरकत सरकत त्याच बाजेच्या आडोशाला गेले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तिथून मी माझी बाग झोडपली जाताना बघत बसले. गुलाबाच्या फांद्या एकेक करून मोडत होत्या. कर्दळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या. शेवंतीचे फुटवे नुकते मातीतून वर आले होते, ते परत मातीत गेले. मोगऱ्याला पहिला कळा लागला होता. त्याच्या कळ्या गारांबरोबर अंगणभर लोळत होत्या आणि गार कोणती, कळी कोणती, ते कळत नव्हतं.

मग एकदम गारा थांबल्या.

भिंतीवरून माझ्या मोठ्या जावेचं डोकं वर आलं. डोक्यावर गोणपाट होतं.

"थांबल्या बघ, धाकटे," ती म्हणाली.

"बाई, तवा कुठं पडलाय ते बघा आधी."

"मातीत पडला ना? मग झालं."

"मातीत न्हाई. माझ्या पायावर पडलाय."

ती भिंतीवरून आणखी वाकली. मग म्हणाली, "पालथा पडला का उताणा?"

आमच्याकडे गारा पडायला लागल्या की चुलीवरचा तवा अंगणात पालथा टाकतात. म्हणजे गारा थांबतात. लहानपणापासून आम्ही हेच बघत आलो. माझी सासू टाकायची, तिच्यामागे जाऊ टाकायला लागली. पण त्याला एक अट आहे. तवा मातीत पडला पाहिजे, फरशीवर टाकलेला चालत नाही. जावेच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, तिच्या अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत शहाबादी फरशी घातली होती. तिच्याकडे बोटभर माती उरली नव्हती. म्हणून तिने भिंतीवरून तवा माझ्या मातीत टाकला. मी तिथे असेन हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. एवढ्या गारांत कोणती शहाणी बाई अंगणात जाईल, असं ती नंतर म्हणाली. तेही खरं होतं.

आमच्या दोन घरांमध्ये ती भिंत छातीएवढी आहे. वाटणी झाली तेव्हा देव मोठीकडे गेले आणि झाडं माझ्याकडे आली. कुणी बसून ठरवलं नव्हतं. देवघर तिच्या खोल्यांकडे होतं आणि मोगरा माझ्या दारात होता, एवढंच. तेव्हापासून रोज सकाळी मी फुलं भिंतीवर ठेवते आणि ती उचलून नेते. फुकटचं फूल देवाला लागू होत नाही असं ती मानते, म्हणून फुलं उचलली की त्या जागी काहीतरी ठेवते. वाटीभर वरण, दोन लिंबं, मूठभर शेंगा. आमचं भांडण चालू असलं तरी हे चालू असतं. भांडणात वरण पातळ येतं, तेवढाच फरक.

मी एकटी राहते. माझा मुलगा पूर्णेला रेल्वेत आहे, तिकडेच त्याचा संसार आहे. तेव्हा परभणीला डॉक्टरकडे मला पुतण्याच घेऊन गेला. जाऊ सांगूनही घरी थांबली नाही, गाडीत पुढच्या सीटवर बसली. डॉक्टर तरुण होता. त्याने अंगठा बघितला, फोटो काढला आणि हाड मोडलंय म्हणाला.

"आजी, काय पडलं पायावर?"

"तवा."

"हातातून निसटला का?"

"न्हाई. ह्यांनी टाकला." मी जावेकडे बोट केलं.

डॉक्टरने आमच्या दोघींकडे बघितलं. "भांडण झालं होतं का?"

"भांडण असतं तर डोक्यात घातला असता," जाऊ म्हणाली. "गारांसाठी टाकला. थांबल्या पण."

पायाला प्लास्टर घातलं. पाय खाली सोडायचा नाही, भिजू द्यायचा नाही आणि कामाला हात लावायचा नाही असं सांगितलं. मी विचारलं, बागेचं काय करू? तो म्हणाला, बाग राहू द्या आजी, पाय सांभाळा. त्याला सांगून उपयोग नव्हता.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. होळी होऊन गेली होती, पाडवा यायचा होता. ह्या दिवसांत एरवी आमच्याकडे ऊन डोक्यावर बसतं आणि संध्याकाळी मोगऱ्याचा वास रस्त्यापर्यंत जातो. त्या दिवशी अंगणात गार हवा होती, भिंतीच्या सावलीत गारांचा ढीग तसाच होता आणि ठेचलेल्या पाल्याचा वास येत होता. आमच्या रस्त्याला कुणाची ज्वारी आडवी झाली होती, कुणाचा आंब्याचा मोहोर गेला होता. तिथे मोगऱ्याचं रडणं कोण ऐकणार? मीही रडले नाही. बाज अंगणात टाकून घेतली, तिच्यावर पाय लांब करून बसले आणि काय उरलंय ते बघू लागले.

मोगऱ्याची तीन झाडं होती. कडेचं गेलं. उरलेली दोन उभी होती, पण त्यांच्या फांद्यांची साल जागोजाग फाटली होती आणि एकाही पानाला धड कडा नव्हती.

पुतण्या भिंतीशी उभा होता. तो बघून म्हणाला, "चला, यंदा पोखर्णीचा प्रश्न मिटला."

हे त्याने हळू म्हटलं होतं. जावेला कमी दिसतं, पण ऐकू चांगलं येतं.

पोखर्णीचा प्रश्न असा होता. हा पुतण्या लहान असताना फार आजारी पडला होता. घरात सगळ्यांनी आशा सोडली होती. तेव्हा जाऊ पोखर्णीच्या नृसिंहाला बोलली होती की हा वाचला तर दर वर्षी जयंतीला मी माझ्या अंगणातल्या मोगऱ्याची माळ माझ्या हाताने आणून देईन. तो वाचला. आता तो स्वतः आजोबा व्हायला आलाय. जावेने एकही वर्ष चुकवलं नाही. वाटणीनंतर झाडं माझ्याकडे आली तरी देवाला भिंत मोजायची गरज नाही असं ती म्हणायची आणि माळ नेत राहायची. पण आदल्या वर्षी जयंतीच्या गर्दीत तिला भोवळ आली. चार बायांनी उचलून बाहेर आणलं. गुडघे तर कधीचेच गेलेत. तेव्हापासून पुतण्या म्हणत होता, आता बस झालं, मी जाऊन माळ देऊन येत जाईन. म्हणजे ज्याच्यासाठी ती बोलली होती, तोच आता नको म्हणत होता. त्याची चूक होती असं मी म्हणत नाही. आईला बायांनी उचलून आणलेलं त्याने बघितलं होतं.

"काय मिटलं?" जावेने विचारलं.

"न्हाई, म्हणलं मोगरा गेला. यंदा माळ कशाची नेणार?"

"आन् फुलला तर?"

त्याने माझ्या झाडांकडे बघितलं. मग हसून म्हणाला, "फुलला तर मी सोता तुला गाडीत घालून नेतो. न्हाई फुलला तर बाजारातली माळ मी नेतो, तू घरी बसायचं. कबूल?"

"कबूल," जाऊ म्हणाली.

मला देवाची तिच्याएवढी ओढ नाही. मी नमस्कार करते आणि माझ्या कामाला लागते. पण पुतण्याने मोडकी झाडं बघून पैज लावली हे मला पटलं नाही. आणि दुसरं म्हणजे मी जावेला ओळखते. ती एक वर्ष घरी बसली की पुढच्या वर्षी उठणार नाही. आमच्या वयाच्या बाया एका जागेला बसल्या की तिथल्याच होतात. मी तिला म्हटलं, "बाई, उद्या सकाळी कात्री घेऊन या."

"माझ्याकडं कात्री कुठली?"

"माझी हाय. तुमी नुसतं या."

जावेने जन्मात झाड कापलं नव्हतं. फूल तोडायचं आणि देवाला वाहायचं, एवढंच तिला ठाऊक. सकाळी ती पाट घेऊन आली, मोगऱ्यापुढे पाट टाकून बसली आणि कात्री हातात धरून माझ्याकडे बघू लागली. मी बाजेवर होते, पाय उशीवर होता.

"कुठून कापू?"

"बुडाकडून. वीतभर ठेवा."

तिने एका फांदीचं टोक कापलं.

"तिथून न्हाई. खालून. जिथपर्यंत साल फाटलीय त्याच्याही खालून."

"अगं, मग उरतंय काय?"

"बूड उरतंय."

"मेलं म्हंजी?"

"असंच ठेवलं तर नक्की मरतंय. फाटक्या पानांना पोसत बसंल, सालीत कीड शिरंल. कापा."

तिने डोळे मिटून एक फांदी कापली. खरोखर डोळे मिटून. मी म्हटलं, डोळे उघडा, बोट कापाल, मग दोघी बाजेवर बसू. त्यावर ती हसली आणि मग तिचा हात बसला. दुपारपर्यंत दोन्ही झाडांचे नुसते खुंट राहिले. पुतण्या जेवायला आला, त्याने भिंतीवरून डोकावलं आणि म्हणाला, "काकू, गारांनी ठेवलं होतं तेवढंबी तुमी ठेवलं न्हाई."

"तू तुझी गाडी धुवून ठेव," जाऊ त्याला म्हणाली.

मग तिच्या शेळीच्या लेंड्या बुडाशी घातल्या, वर आंबट ताक पाण्यात कालवून ओतलं. ती शेळी गारांच्या आवाजाने एवढी बिथरली होती की तिने किती दिवस दूध चोरलं. जाऊ तिलाही बोलत होती आणि मोगऱ्यालाही. सगळं माझ्या सांगण्यावरून चाललं होतं, पण ती रस्त्याने जाणाऱ्या बायांना "मी छाटला, मी खत घातलं" असं सांगायची. वर "तवा टाकला म्हणून एवढं तरी वाचलं" हेही सांगायची. बाया माझ्या पायाकडे बघायच्या. एका जागी बसून राहायचं असलं की माणसाला पुष्कळ ऐकून घ्यावं लागतं.

त्या वर्षीचं हवामान कुणाच्या बापाच्या समजुतीत बसणारं नव्हतं. पाडवा झाला तरी पहाटे गोधडी लागायची. मोगऱ्याला ऊन लागतं. अंगाची आग होते तेव्हा तो खूश असतो. थंडीत तो नुसता बसून राहतो. आमचे खुंट तसेच बसून राहिले. जाऊ रोज सकाळी येऊन नखाने साल खरवडायची आणि आत हिरवं आहे का बघायची. मी म्हटलं, तुमी रोज खरवडलंत तर गारांनी केलं न्हाई ते तुमी कराल. तरी ती खरवडायची, फक्त मी घरात असताना.

गुलाबांचं काहीच झालं नाही. चारीही वाळले, ते उपटून चुलीत घातले. शेवंतीही गेली. शेवंती मी सेलूच्या बाजाराला गेले असताना तिथल्या एका माळ्याकडून आणली होती, ती आता कुठे मिळत नाही. कर्दळीला काही होत नाही, ती निर्लज्ज आहे. तिने आठवडाभरात नवी पानं काढली.

मग एका दिवशी एकदम ऊन पडलं. उन्हाळ्याला आपलं काम आठवलं असावं. अंगणातल्या काळ्या मातीला भेगा पडल्या, पत्रे दुपारी तडतडायला लागले आणि मोगऱ्याच्या खुंटांना पोपटी कोंब आले. जावेला ते दिसत नव्हते. मी तिचा हात धरून बोट कोंबावर ठेवलं.

"हे काय, कीड हाय का?" तिने विचारलं.

"कोंब हाय."

त्या दिवशी भिंतीवर फुलांशिवायच वाटीभर शिरा आला. तुपाचा होता.

पालवी भरभर आली. पण पालवी म्हणजे फूल नव्हे. मोगऱ्याला खायला प्यायला मिळालं की तो नुसता पाला वाढवतो. त्याचं पाणी तोडावं लागतं, जरा तहान लागू द्यावी लागते, मग तो कळा धरतो. मी जावेला सांगितलं, आता पाणी बंद. पानं सुकल्यासारखी दिसली तरी बंद. ती बरं म्हणाली. मी रोज बाजेवरून बघत होते. पानं काही सुकेनात. उलट चकाकत होती. एका सकाळी मी काठी टेकत झाडापर्यंत गेले आणि मातीला हात लावला. माती ओली होती.

"बाई, मोगऱ्याला पाणी कोण घालायलंय?"

"मला काय ठाऊक. दव पडलं असंल."

"वैशाखात?"

"यंदा कवाबी काय बी पडायलंय."

पण भिंतीच्या वरच्या विटा ओल्या होत्या आणि तिच्या बाजूला तांब्या पालथा घातलेला होता. मी म्हटलं, "तुमाला पोखर्णीला जायचंय का घरी बसायचंय ते एकदा ठरवा."

"बिचाऱ्यांच्या जिभा वाळल्या होत्या."

"झाडाला जीभ नसती."

"तुला बरं ठाऊक."

दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. वरण पातळ आलं. पण पाणी तिने तोडलं. पानं मलूल झाली, खाली वळली आणि मग ज्याची वाट बघत होतो ते झालं. पानांच्या बेचक्यांत हिरव्या, तांदळाएवढ्या कळ्या दिसायला लागल्या. आम्ही लगेच पुन्हा पाणी घालायला लागलो. जयंती जवळ आली होती. पुतण्याने एकदा भिंतीवरून बघितलं आणि घरात गेला. त्याच्या बायकोने मला सांगितलं की तो त्या दिवशी घरात म्हणाला, ह्या दोघींनी मिळून मला फसवलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी मावळतीकडे ढग आले. वैशाखात ढग येतात, गडगडतात, निघून जातात. पण त्या वर्षी कशाचा भरवसा नव्हता. मोगऱ्याची कळी पांढरी आणि टपोरी झाली की तोडायची, ती संध्याकाळी उमलते. हिरवी तोडली तर ती तशीच राहते. आमच्या कळ्या हिरव्या-पांढऱ्या होत्या. अजून एक दिवस हवा होता.

"तोडू सगळ्या," जाऊ म्हणाली.

"आज तोडल्या तर फुलायच्या न्हाईत. उद्या दुपारी तोडू."

"उद्या दुपारपर्यंत त्या झाडावर राहतील का?"

"ढग उडून जातील."

"होळीच्या वक्ताला पण तू हेच म्हणाली होतीस."

मी होळीच्या वेळी तसं म्हणाले होते का, ते मला आठवत नाही. शेवटी दोन झाडं होती, तेव्हा एक झाड तिचं, एक माझं असं ठरलं. तिने तिच्या झाडाच्या सगळ्या कळ्या तोडल्या, ओल्या धोतराच्या फडक्यात बांधल्या आणि माठाच्या बुडाशी ठेवल्या. माझं झाड मी तसंच ठेवलं. त्याच्यावर बाज उभी केली, बाजेवर ताडपत्री टाकली आणि चारी पायांना सुतळीने बांधली. ह्या वेळी गाठी मी स्वतः मारल्या.

दिवेलागणीला वारं सुटलं. ताडपत्री एकदाच फुगली, सुतळी तुटली आणि ती रस्त्यापलीकडच्या घराच्या माळवदावर जाऊन पडली. मग पाऊस आला. गारा नव्हत्या, नुसता पाऊस, पण मिरगात यावा तसा. मी दारात उभी राहून बघत होते. पायाचं प्लास्टर निघालं होतं, तरी मी अंगणात उतरले नाही. एकदा झालं तेवढं पुरे होतं. भिंतीपलीकडून तिची सून ओरडत होती, "आत्याबाई, तवा ठेवा आधी खाली." पाऊस पडत असताना मला हसायला आलं.

सकाळी माझ्या झाडाच्या निम्म्या कळ्या चिखलात होत्या. उरलेल्यांतल्या बऱ्याच पाण्याने तांबूस झाल्या होत्या. चांगल्या वेचून काढल्या तर ओंजळही भरेना. जावेने माठाखालचं फडकं सोडलं. तिची एकही कळी खराब झाली नव्हती, पण सगळ्या तोंड मिटून बसल्या होत्या, हिरवी झाक मारत. म्हणजे मीही चुकले होते आणि तीही. दोघींच्या मिळून एक माळ झाली. मी केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ओवली. हात पसरला तर तळहातात मावेल एवढीच. देवाच्या गळ्यात तर नाहीच, मनगटात जेमतेम बसली असती.

पुतण्या अंघोळ करून आला. त्याने माळ बघितली.

"माय, ही माळ हाय?"

"मग काय दिसायलंय तुला?"

"मोगरा फुलला तर म्हणालो होतो मी. ह्या तर नुसत्या कळ्या हायत."

जावेने माळ माझ्या हातातून घेतली आणि डोळ्यांशी नेऊन चाचपली. माझ्या झाडाची एक कळी ओवताना जरा उघडली होती. दोन पाकळ्या बाहेर आल्या होत्या. तिने ती त्याच्या नाकासमोर धरली.

"वास घे."

त्याने वास घेतला. मग तिच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडून त्याला काही मदत मिळणार नव्हती.

"काकू, तुमीबी येणार का?"

"येते. दोघी पडलो तर एका खेपेत उचलून आणता येईल."

तो हसायला लागला आणि चावी आणायला आत गेला.

पोखर्णीला गर्दी होती. पावसाने रस्त्याकडेला चिखल झाला होता आणि नारळवाल्यांनी पालं नव्याने बांधली होती. मला पायामुळे रांगेत उभं राहता येत नव्हतं, म्हणून मी एका नारळवालीच्या शेजारी तिच्या पोत्यावर बसले. जाऊ पुतण्याच्या खांद्याला धरून आत गेली. तो तिच्यापुढे कोपर काढून माणसं बाजूला करत होता. तिच्या डोक्यावरचा पदर मला बराच वेळ दिसत होता, मग दिसेनासा झाला.

मी तिथे बसून काय केलं म्हणाल तर नारळवालीशी हवामानाबद्दल बोलले. तिच्या दारातली जास्वंद होळीपासून फुललेली नाही म्हणाली. तिलाही छाटा म्हणून सांगितलं. कुठून ते हातावर बोट ठेवून दाखवलं. पण माझं अर्धं लक्ष दरवाजाकडे होतं. बायांनी कुणाला उचलून आणलं की गर्दी कशी हलते ते मी आदल्या वर्षी बघितलं होतं. तशी ती दोनदा हलली. दोन्ही वेळा दुसरंच काही होतं.

संध्याकाळी जन्माची वेळ झाली. घंटा वाजल्या, लोकांनी गजर केला, गुलाल उडाला. बऱ्याच वेळाने ती दोघं बाहेर आली. जाऊ तिच्या पायाने चालत होती. चप्पल एकच होती, पण चालत होती.

"घातली का माळ?" मी विचारलं.

"घातली. पुजाऱ्यानं माझ्या हातातून घेतली आन् देवाच्या हाताला बांधली." ती पोत्यावर माझ्या शेजारी बसली. धाप लागली होती. "आन् काय सांगू, धाकटे. जन्माच्या वक्ताला सगळ्या कळ्या उमलल्या. पांढऱ्याशुभ्र. मी डोळ्यांनी बघितल्या."

तिच्या मागे उभा राहून पुतण्या मान हलवून नाही म्हणत होता.

तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. पुतण्याला चष्मा आहे. मी आत नव्हते. तेव्हा कळ्या उमलल्या की नाही हे मी सांगू शकत नाही. मी तिला पाणी प्यायला दिलं आणि पुतण्याला हरवलेली चप्पल शोधायला पाठवलं.

परत येताना गाडीत ती पुढच्या सीटवर बसून झोपली. घरी उतरल्यावर पुढच्या वर्षी छाटणी केव्हा करायची ते तिने मला विचारलं. मी म्हटलं, माघात. ती म्हणाली, मग कात्रीला धार लावून ठेव, तुझी कात्री बोथट हाय.

गारांनी आणि त्या उलट्यासुलट्या उन्हाळ्याने माझ्या दारातले चार गुलाब गेले, शेवंती गेली आणि कडेचा मोगरा गेला. कर्दळ जगली. मोगऱ्याची दोन झाडं जगली. जावेची शेळी जगली. जाऊ जगली आणि मी जगले.